पहिली मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळावी : सर्पदंशाच्या उपचाराविषयी खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस


सर्पदंशाने होणारा मृत्यू आपल्याकडे अपघात म्हणून नोंदला जातो आणि नशिबाचा भाग म्हणून सोसला जातो. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र तो असा आजार आहे, ज्याचे कारण ठाऊक आहे, ज्याचा मोसम ठाऊक आहे, ज्याचा उतारा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सापडला आहे आणि जो उतारा शासकीय दवाखान्यात विनामूल्य दिला जातो. इतके सारे हाताशी असताना माणसे मरतात, तेव्हा दोष विषात जेवढा असतो तेवढाच उपचाराच्या वाटेतही असतो, आणि ती वाट आखण्याचे काम आपल्या खात्याचे आहे. म्हणून या पत्राची मागणी आरंभीच मांडणे बरे : विषबाधेची लक्षणे दिसत असतील, तर प्रतिविषाची पहिली मात्रा रुग्ण ज्या पहिल्या शासकीय आरोग्य केंद्रात पोहोचेल तेथेच सुरू व्हावी, आणि ती न देता रुग्णाला ‘पुढे घेऊन जा’ असे सांगण्याची जी रीत पडली आहे, ती केवळ लेखी कारण देऊनच करता येईल असा अपवाद ठरावी.

या मागणीमागचे आकडे आरोग्य खात्याच्या प्रत्येक अधिकाऱ्याला तोंडपाठ असायला हवे होते. रुग्णालयांच्या नोंदींवर विसंबून राहिले, तर सर्पदंश हा किरकोळ प्रश्न वाटतो, कारण जे रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत ते त्या नोंदींत येत नाहीत. ही उणीव ‘मिलियन डेथ स्टडी’ या देशव्यापी पाहणीने भरून काढली. या पाहणीत मौखिक शवचिकित्सा नावाची पद्धत वापरली जाते. म्हणजे प्रशिक्षित कार्यकर्ते मृत्यू झालेल्या घरी जाऊन नातेवाइकांकडून शेवटच्या आजाराची हकिगत लिहून घेतात आणि ती हकिगत दोन डॉक्टर एकमेकांचे मत न पाहता वाचून मृत्यूचे कारण ठरवतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात भारतात वर्षाला सुमारे ४६,००० माणसे सर्पदंशाने मरतात असा अंदाज निघाला आणि त्यांपैकी जेमतेम पाव हिस्सा मृत्यू रुग्णालयात झालेले आढळले. २०२० सालच्या विश्लेषणाने २००० ते २०१९ या दोन दशकांतील मृत्यूंची संख्या सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असल्याचे दाखवले. त्यांत निम्मी माणसे ३० ते ६९ या वयाची होती आणि पाव हिस्सा पंधरा वर्षांखालील मुलांचा होता. याच विश्लेषणात हेही नमूद आहे की, २००३ ते २०१५ या काळात शासनाच्या नोंदीत शासकीय रुग्णालयांतील सर्पदंशाचे मृत्यू सुमारे १५,५०० एवढेच होते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत निम्मे मृत्यू होतात आणि मरणाऱ्यांत बहुसंख्य खेड्यांतले असतात. सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या आठ राज्यांत महाराष्ट्राचे नाव नाही, ही जमेची बाजू खरी. परंतु पालघरच्या पाड्यांवर, गडचिरोलीच्या भातखाचरांत किंवा रत्नागिरीच्या कातळावर ज्याला साप चावतो, त्याच्या दृष्टीने राज्याच्या सरासरीला काही अर्थ नसतो.

महाराष्ट्रातील बहुतेक गंभीर विषबाधा नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे होतात. त्यांपैकी मण्यार हा साप उपचारातील उशिराची किंमत सर्वांत स्पष्टपणे दाखवतो. तो रात्री फिरतो आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा खूण शोधूनही सापडत नाही, सूज येत नाही आणि वेदना जवळजवळ नसते. पहाटे पोटात दुखू लागते, उलटी होते, घरचे लोक पित्त किंवा अजीर्ण समजून काहीतरी घरगुती औषध देतात. मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाचे दोन दिसते, थुंकी गिळता येत नाही, मान सावरत नाही आणि अखेरीस श्वासाचे स्नायू निकामी होतात. या विषाचे रेणू मज्जातंतू जेथे स्नायूला मिळतो त्या टोकावर हल्ला करतात. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधून निष्प्रभ करते, परंतु एकदा ते टोक नष्ट झाले की कितीही प्रतिविष दिले तरी ते पुन्हा उभे राहत नाही. नवे टोक वाढेपर्यंत रुग्णाला दिवसेंदिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. याचा अर्थ असा की पहाटे चार वाजता दिलेल्या दहा कुप्या आणि सकाळी नऊ वाजता दिलेल्या दहा कुप्या हा एकच उपचार नव्हे. पहिल्या उपचाराने रुग्ण पायी घरी जाण्याची शक्यता असते, दुसऱ्याने तो अतिदक्षता विभागात पोहोचतो, तेही वाटेत श्वास टिकला तर.

घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. रक्तातील गोठवणारे घटक संपून जातात, हिरड्यांतून, लघवीतून किंवा जुन्या जखमेतून रक्त वाहू लागते, आणि घोणस या सापाच्या बाबतीत मूत्रपिंडेही निकामी होतात, ज्यामुळे जगलेल्या रुग्णालाही आठवडेच्या आठवडे डायलिसिससाठी तालुका सोडून जिल्ह्याला फेऱ्या माराव्या लागतात. ही बिघडलेली गोठणक्रिया ओळखण्यासाठी कोणतेही महाग यंत्र लागत नाही, ही बाब मुद्दाम विस्ताराने सांगण्यासारखी आहे. रुग्णाचे दोन-तीन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे, ती नळी वीस मिनिटे अजिबात न हलवता उभी ठेवायची आणि मग हलकेच कलती करून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले आहे आणि प्रतिविष द्यायचे आहे. नळी प्लास्टिकची असेल तर ही तपासणी चुकते, कारण रक्ताची गोठणक्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते, आणि साबणाच्या पाण्याने धुतलेली नळी वापरली तरीही ती चुकते. काही रुपयांची काचेची नळी, भिंतीवरचे घड्याळ आणि वीस मिनिटे शांत बसण्याची सवय एवढ्यावर जी तपासणी होते, ती ज्या केंद्रात होत नाही तेथे उणीव पैशाची नसून शिकवणुकीची आहे. नव्या काचेच्या नळ्या खरेदीच्या यादीत स्वतंत्रपणे लिहिल्या जाव्यात, ही मागणी मंत्र्यांपर्यंत नेण्याइतकी मोठी वाटणार नाही. परंतु यादीत न लिहिलेली वस्तू केंद्रात येत नाही, हे आपल्या खात्यात सर्वांना ठाऊक आहे.

मग पहिल्या केंद्रात मात्रा का दिली जात नाही? प्रतिविषाचा तुटवडा हे कारण कधी कधी खरे असते, पण ते एकमेव कारण नाही, आणि कुप्या कपाटात असतानाही रुग्ण ‘रेफर’ होतो, ही वस्तुस्थिती ग्रामीण भागात काम केलेले डॉक्टर आपसांत उघडपणे बोलतात. मध्यरात्री केंद्रात एकटा असलेला वैद्यकीय अधिकारी, जो पुष्कळदा नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो, त्याला प्रतिविषाच्या प्रतिक्रियेची भीती वाटते, आणि ही भीती निराधार नाही. प्रतिविष तयार करण्यासाठी घोड्यांना सापाचे विष अत्यल्प मात्रेत वाढवत वाढवत टोचतात, त्यांच्या रक्तात विषाला बांधणारी प्रथिने तयार झाली की ती वेगळी काढून शुद्ध करतात. म्हणजे रुग्णाच्या शिरेत घोड्याचे प्रथिन जाते आणि काही रुग्णांच्या शरीरात त्याला तीव्र विरोध होतो. अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. या तीव्र प्रतिक्रियेला ॲनाफायलॅक्सिस म्हणतात आणि तिच्यावरचा उपाय मांडीच्या स्नायूत ताबडतोब दिलेले अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलीन हा आहे. हे औषध स्वस्त आहे आणि प्रत्येक केंद्रात असते, किंवा असायलाच हवे. प्रतिविष देण्यापूर्वी त्वचेवर चाचणी घेण्याची जुनी पद्धत मात्र निरुपयोगी आहे. ती चाचणी प्रतिक्रियेचे भाकीत करू शकत नाही, उलट वेळ घालवते, आणि मार्गदर्शक तत्त्वांनी ती केव्हाच बाद ठरवली आहे.

ही भीती कशी आटोक्यात आणता येते, याचे उत्तर शेजारच्या श्रीलंकेतील डॉक्टरांनी शोधले. तेथे भारतातच तयार झालेले प्रतिविष वापरले जाते, त्यामुळे त्यांचा अनुभव आपल्याला थेट लागू पडतो. हजारावर रुग्णांचा समावेश असलेली आणि २०११ साली प्रसिद्ध झालेली त्यांची चाचणी यदृच्छ पद्धतीची होती, म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणते औषध मिळावे हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले होते. प्रतिविष सुरू करण्याआधी त्वचेखाली ॲड्रेनलीनची अगदी लहान मात्रा दिली, तर पहिल्या तासातील तीव्र प्रतिक्रिया ४३ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात दिसले. आणि त्याच कामासाठी वर्षानुवर्षे सवयीने टोचली जाणारी हायड्रोकॉर्टिसोन व प्रोमेथॅझिन ही औषधे त्या बाबतीत निरुपयोगी ठरली. या चाचणीचा निष्कर्ष महाराष्ट्रातील किती केंद्रांत भिंतीवर लावलेला आहे, याची खात्याने एकदा पाहणी करावी. संशोधन आणि उपचार यांतील अंतर हा शब्दप्रयोग परिषदांमध्ये फार ऐकू येतो. प्रत्यक्षात ते अंतर मराठीत लिहिलेल्या एका पानाएवढे असू शकते.

वैद्यकीय अधिकाऱ्याची दुसरी भीती जमावाची असते. रुग्ण केंद्रात दगावला तर दगडफेक, आणि वाटेत दगावला तर कोणाचाच दोष नाही, असा हिशेब त्याच्यासमोर असतो. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्याने २०१० साली कायदा केला आहे, पण एकट्या डॉक्टरला धीर मिळतो तो कलमांतून नव्हे. त्याला धीर मिळेल तो वरिष्ठाने लेखी दिलेल्या आदेशातून, की या लक्षणांवर ही मात्रा देणे हे कर्तव्य आहे, दिल्यावर प्रतिक्रिया आली तर ती चूक मानली जाणार नाही, आणि न देता पाठवल्यास मात्र खुलासा मागितला जाईल. आज नेमका उलटा न्याय चालतो. जो देतो त्याच्यावर जबाबदारी येते आणि जो पाठवतो तो सुटतो. हा न्याय एका परिपत्रकाने उलटवता येईल, आणि ते परिपत्रक काढण्याचा अधिकार आपला आहे.

त्याबरोबर काही साधने आणि माणसेही लागतील. श्वास मंदावलेल्या रुग्णाला हाताने दाबून हवा देण्याची पिशवी, जिला सगळे अंबू बॅग म्हणतात, ती मोठ्यांच्या आणि मुलांच्या मापाची, न फाटलेली आणि मुखवट्यासह असावी. नागाच्या विषाने आलेल्या लकव्यात उपयोगी पडणारे निओस्टिग्मिन आणि सोबतचे ॲट्रोपिन कपाटात असावे. केंद्रात एमबीबीएस डॉक्टर असो वा आयुर्वेदाचा पदवीधर, त्याला पावसाळ्यापूर्वी दरवर्षी प्रत्यक्ष सरावासह प्रशिक्षण मिळावे. २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ रुग्णवाहिकेवरही डॉक्टर असतो, त्यालाही हेच प्रशिक्षण द्यावे, म्हणजे केंद्रात सुरू केलेली मात्रा वाटेत बंद पडणार नाही. आणि प्रत्येक जिल्ह्यात रात्रंदिवस फोन उचलणारा एक अनुभवी फिजिशियन असावा, ज्याला केंद्रातील डॉक्टर रुग्णाच्या डोळ्यांचा, जखमेचा, परीक्षानळीचा फोटो पाठवून विचारू शकेल. पहिल्या मात्रेनंतर पुढे पाठवणे बहुतेक गंभीर रुग्णांना लागेलच. या पत्राचा विरोध पुढे पाठवण्याला नाही, रिकाम्या हाताने पाठवण्याला आहे. डहाणू तालुक्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि लोकशिक्षण हाती घेतल्यावर दंशित रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ठळकपणे उतरल्याचे नोंदवले आहे. जुन्नर परिसरात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत हेच काम खासगी रुग्णालयातून वर्षानुवर्षे करत आले आहेत. म्हणजे हे होऊ शकते, याचा पुरावा राज्याबाहेर शोधायला नको.

येथे विंचवाचा दाखला देणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्राने या जातीचा एक लढा जिंकलेला आहे आणि तो कोणत्या मार्गाने जिंकला, याचा विसर पडू लागला आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने एके काळी हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन गंभीर रुग्णांपैकी पंचवीस-तीस टक्के दगावत असत. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून घाम, थंडगार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब आणि खोकल्यातून येणारा फेस यांची तासातासाची नोंद ठेवली. त्या नोंदींवरून हे दिसले की विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलीनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर असह्य ताण पडतो. या ताणाची पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात आला. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करून रुग्णाला वाचवते, हे सांगणारा लेख त्याच साप्ताहिकात १९८६ साली आला. त्यांच्या नोंदींनुसार प्राझोसिन सुरू झाल्यावर मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. पुढे विंचवाचे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर नुसती गोळी आणि गोळीसह प्रतिविष यांची तुलना त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्येच चाचणी घेऊन केली. ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली आणि प्रतिविष दिलेले रुग्ण खूपच लवकर बरे होतात, हे तिने दाखवले. २०२२ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना पद्मश्री मिळाली. गौरव झाला हे योग्यच. परंतु त्यातून शासनाने घ्यायचा बोध वेगळा होता. जगभर वापरला गेलेला हा उपचार महानगरातील संशोधन संस्थेत जन्माला आला नाही, तर ज्या केंद्राकडे आज फक्त ‘रेफर’ करणारे ठाणे म्हणून पाहिले जाते, तशाच एका केंद्रात रुग्ण ठेवून घेतल्यामुळे, त्याच्यावर तेथेच उपचार केल्यामुळे आणि जे दिसले ते लिहिल्यामुळे जन्माला आला. रुग्ण पुढे पाठवला असता तर निरीक्षणही त्याच्याबरोबर गेले असते.

प्रतिविषाच्या गुणवत्तेचा प्रश्नही रुग्णांच्या अशाच नोंदींशी बांधलेला आहे. भारतातील प्रतिविष बनवणाऱ्या कंपन्यांना लागणारे बहुतेक विष तमिळनाडूतील इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने साप मारून कातडी विकणाऱ्या समाजाला साप जिवंत ठेवून जगण्याचा मार्ग दिला आणि देशाला प्रतिविष दिले, तिचे ऋण मोठे आहे. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशांत वेगळे असते, हे आता वादातीत आहे; बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने वेगवेगळ्या प्रांतांतील नागांच्या विषांची तुलना करून, प्रचलित प्रतिविष काही ठिकाणच्या विषावर अपुरे पडते, असे दाखवले आहे. शिवाय पश्चिम भारतात मण्यारच्या इतर जाती आहेत आणि सिंधुदुर्ग व गोव्याच्या जंगलांत चापडा नावाने ओळखले जाणारे पिट व्हायपर वर्गातील साप आहेत, ज्यांच्या विषासाठी वरील चार सापांवरचे प्रचलित प्रतिविष बनवलेलेच नाही. तमिळनाडूतील विषावर तयार झालेले औषध विदर्भातील घोणस या सापाच्या विषावर किती चालते, हे ठरवायला प्रयोगशाळा लागते तशीच रुग्णाची नोंदही लागते : किती कुप्या लागल्या, किती तासांनी रक्त गोठू लागले, किती रुग्णांत ते गोठलेच नाही.

महाराष्ट्राकडे या बाबतीत एक दुर्मीळ गोष्ट आहे. १८९९ साली परळला प्लेगच्या प्रयोगशाळेच्या रूपाने सुरू झालेली हाफकिन संस्था, आणि तिच्यातून उभे राहिलेले राज्याच्या मालकीचे औषध महामंडळ. स्वतःच्या मालकीची प्रतिविष बनवणारी संस्था असलेले राज्य आपल्या भूमीतील सापांच्या विषावर आधारलेले औषध मागू शकते. इतर राज्यांना बाजारात मिळेल ते घ्यावे लागते. सापांपासून विष काढण्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वनविभागाची परवानगी लागते, विष काढणारी कुशल माणसे लागतात, आणि हे सारे जुळवायला काही वर्षे जातील, म्हणून ते आजच सुरू व्हायला हवे. नवी औषधेही येत आहेत. विषातील फॉस्फोलिपेज नावाच्या घटकाला रोखणारी वॅरेस्प्लॅडिब ही तोंडाने घ्यायची गोळी भारतात आणि अमेरिकेत रुग्णांवर तपासली गेली. मुख्य निकषावर ती प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषधी गुण नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरली नाही, परंतु लवकर औषध मिळालेल्या रुग्णांत काही फायद्याची चिन्हे दिसली. येथेही पहिले काही तासच मोलाचे ठरत आहेत असे दिसते, आणि अशा औषधाची पुढील परीक्षा घ्यायची झाली तर ती रुग्ण लवकर जेथे पोहोचतो तेथेच, म्हणजे गावाजवळच्या केंद्रातच घ्यावी लागेल.

मांत्रिक आणि भगत यांच्याविषयी आरोग्य खात्याचा सूर बहुधा तिरस्काराचा असतो, आणि त्यातून काही साधत नाही. मारुतीच्या देवळात नेऊन निजवणे, कडुलिंबाचा पाला चावायला देऊन तो कडू लागतो का हे पाहणे, या रीतींत वेळ जातो हे खरे. पण अनेक पाड्यांवर रात्री दोन वाजता दार उघडणारा माणूस तोच असतो. त्याला आशा स्वयंसेविकेबरोबर बसवून, आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला चालवू नये, एवढे शिकवले आणि केंद्राचा फोन क्रमांक दिला, तर तो रुग्णाला केंद्राकडे पाठवतो. खाट आणि अंथरुणात नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारपासून बरेच संरक्षण देते. हिवतापासाठी मच्छरदाण्या वाटणाऱ्या खात्याला यासाठी नवी योजना आखण्याचीही गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाच्या विषबाधेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंश हा अधिसूचित आजार करण्यास सांगितले. अधिसूचित म्हणजे शासकीय असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ज्याचा प्रत्येक रुग्ण आणि प्रत्येक मृत्यू कळवणे बंधनकारक आहे असा. कर्नाटकाने हे त्याआधीच, फेब्रुवारी २०२४ मध्ये केले होते. परंतु अधिसूचनेचा उपयोग नोंदीत काय विचारले जाते यावर ठरतो. दंशाची वेळ, पहिल्या केंद्रात पोहोचल्याची वेळ, पहिल्या कुपीची वेळ, परीक्षानळीचा निकाल, एकूण कुप्या, प्रतिक्रिया, पुढे पाठवल्याचे कारण आणि पंधरा दिवसांनंतरची स्थिती, एवढे त्यात असेल तरच ती नोंद उपचाराची आणि संशोधनाचीही होईल. अडचण अशी की प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालये आपल्या खात्याच्या संचालनालयाकडे आणि वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. रुग्ण एका रात्रीत या तिन्हींतून जातो, त्याचा कागद मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने सुरू होतो आणि तेथेच संपतो. ज्या डॉक्टरने पहिली मात्रा दिली, त्याला तो रुग्ण जगला की नाही हेही पुष्कळदा कळत नाही, आणि ज्याला आपल्या उपचाराचे फळ कधीच कळत नाही तो पुढच्या वेळी उपचार करायला धजत नाही.

याच राज्यात शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात सुरक्षा योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. ती मदत मिळालीच पाहिजे. मात्र त्यासाठी शवविच्छेदनाचा अहवाल आणि पंचनामा ज्या काटेकोरपणे मागितला जातो, त्या काटेकोरपणे मृत्यूचे वैद्यकीय कारण कोणी मागत नाही : साप कोणत्या जातीचा, किती तास वाटेत गेले, पहिली मात्रा कोठे आणि का चुकली.

बाळंतपणात होणाऱ्या प्रत्येक मृत्यूसाठी आपल्या खात्यात मातामृत्यू अन्वेषणाची पद्धत अस्तित्वात आहे. समिती बसते, घरापासून रुग्णालयापर्यंतचा प्रवास तपासते आणि उशीर कोणत्या टप्प्यावर झाला हे लिहिते. तीच पद्धत सर्पदंशाच्या प्रत्येक मृत्यूला लागू करावी, मग तो घरी झालेला असो, वाटेत झालेला असो वा रुग्णालयात. समितीत पहिल्या केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याला आरोपी म्हणून न बोलावता सदस्य म्हणून बसवावे, तिचा अहवाल महिनाभरात त्याच तालुक्यातील सर्व केंद्रांना पाठवावा, आणि पहिल्या मात्रेविषयीचे परिपत्रक व काचेच्या नळ्या, अंबू बॅग, ॲड्रेनलीन यांचा साठा मे महिना संपण्यापूर्वी प्रत्येक केंद्रात पोहोचल्याची लेखी खात्री जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून घ्यावी, ही विनंती.